मीटर कुठं काढलायस?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी जिन्याखाली सायकल लावत होते. "दिवाळी अंक आहे, प्रकाशावर काहीतरी दे. तुझं कामच प्रकाशाचं," असं त्यांचं म्हणणं. काम प्रकाशाचं हे खरं, पण त्यात उजेड अजिबात नाही. ज्या यंत्रापाशी माझा दिवस जातो त्याच्या आत मिट्ट काळोख असतो, उणे २७० अंश सेल्सिअसच्याही खालची थंडी असते, आणि त्या काळोखात एक तार प्रकाशाच्या एकेका कणाची वाट बघत बसलेली असते. शाळेत सर भिंतीवर लाल ठिपका नाचवतात तो एक मिलिवॅटचा लेझर पॉइंटर सेकंदाला तीन हजार लाख कोटींहून जास्त प्रकाशकण फेकतो. आमची तार त्यातला एक, फक्त एक, आला तरी सांगते.

ती तार मी बनवत नाही. मी तिचं सर्किट कागदावर मांडते आणि ती कशी वागेल हे आधी सांगते. म्हणजे सांगता यायला हवं. तीन वर्षांपूर्वी मी चुकीचं सांगितलं, वर ठासून सांगितलं, आणि त्यात दुसऱ्या एकाचे दोन महिने फुकट गेले. गणपतीत भेटल्यावर "तू नक्की काय करतेस गं?" असं विचारून माझं उत्तर संपायच्या आत मोदकांकडे वळणाऱ्या तमाम काका-काकूंसाठी ती हकीकत इथे लिहिते. इथे तरी कुणी मध्येच उठून जाणार नाही.

आधी घरचं. आमच्या घरात 'मंडळ' म्हटलं की मराठी मंडळ नव्हे, वीज मंडळ. बाबा तासगाव भागात मंडळाचे वायरमन होते. पावसाळ्यात रात्री-अपरात्री दार वाजायचं, कुठल्या तरी वस्तीवरची डीपी गेलेली असायची, आणि बाबा किटकॅट, पक्कड, टेस्ट लॅम्प पिशवीत टाकून निघायचे. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरला लावलेला साधा बल्ब आणि दोन वायरी. पुढे मंडळाकडून डिजिटल मीटर आले, पण बाबांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. त्याला कारण होतं. बंद केलेली वायर चालू वायरीशेजारून लांबवर गेलेली असली की डिजिटल मीटर त्या मेलेल्या वायरीवरसुद्धा ऐंशी-नव्वद व्होल्ट दाखवतो. बल्ब लावला तर पेटत नाही. त्या व्होल्टेजात जीवच नसतो, दोन वायरींमधल्या हवेतून चोरपावलाने आलेलं असतं ते. नवीन पोरं मीटर बघून घाबरायची आणि बाबा बल्ब लावून दाखवायचे. (त्यानंतरही अर्थिंग केल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही, हे बाबांनी मला इथे लिहायला बजावलं आहे.)

मी सांगलीत इलेक्ट्रिकल केलं, मग मास्टर्सला नेदरलँड्सला आले आणि इथेच राहिले. डेल्फ्टला घर. आमच्याकडे हळदीकुंकवाला येणाऱ्यांना आमचं छोटं घर, अरुंद जिना आणि त्यावरून वर न जाणारा सोफा हे सगळं माहीत आहे.

आता तार. नायोबियम नायट्राइड नावाच्या पदार्थाचा पापुद्रा घ्यायचा, जाडी सुमारे पाच नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा. त्यातून १०० नॅनोमीटर रुंदीची तार कोरायची, आणि ती सरळ नव्हे तर नागमोडी, उसाच्या सऱ्यांतून पाणी फिरवावं तशी, दहा मायक्रॉन लांब-रुंद चौकोनात बसवायची. केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड धरला तर हा सगळा मळा केसाच्या आठव्या हिश्श्यात मावतो. दोन ओळींत तारेइतकीच मोकळी जागा सोडली तर पन्नास ओळी बसतात, म्हणजे तार झाली अर्धा मिलिमीटर लांब.

पुरेशी थंड केली की ही तार अतिवाहक होते. तिचा रेझिस्टन्स शून्य होतो. अगदी कमी नव्हे, शून्य. या गुणाचा शोध आमच्या घरापासून रेल्वेने वीस मिनिटांवर, लायडनमध्ये लागला. हाइके कामरलिंग ओन्नेस यांनी १९०८ साली हेलियम वायूचा द्रव करून दाखवला आणि ८ एप्रिल १९११ रोजी त्या थंडीत पाऱ्याचा रेझिस्टन्स मोजला. त्यांच्या वहीत त्या दिवशी डच भाषेत नोंद आहे, तिचा अर्थ 'पारा जवळजवळ शून्य'. मला त्यातला 'जवळजवळ' फार आवडतो. मीटरला दिसेल तेवढंच लिहिलं, पुढचं नाही.

या अतिवाहक तारेतून पंधराएक मायक्रोअँपिअर करंट सोडून ठेवायचा. तार किती करंट सोसेल याला एक मर्यादा असते, तिला क्रांतिक करंट म्हणतात. आपण मुद्दाम तिच्या नव्वद टक्क्यांपर्यंत जायचं. काठोकाठ भरलेल्या तांब्यासारखी तारेची अवस्था करून ठेवायची. मग एक प्रकाशकण येऊन आदळला की त्या जागी एक ठिपका गरम होतो, तिथली अतिवाहकता मोडते, करंट उरलेल्या बाजूने दाटीवाटीने जाऊ बघतो, तिथलीही मर्यादा ओलांडली जाते आणि क्षणात तारेची सगळी रुंदी साधी, रेझिस्टन्सवाली होते. रेझिस्टन्स शून्यावरून काही हजार ओहमवर उडी मारतो. करंटला शेजारी पन्नास ओहमची सोपी वाट ठेवलेली असते, तो तिकडे वळतो. त्या वाटेवर पाऊण मिलिव्होल्टचं स्पंद उमटतं, पेन्सिल सेलच्या दोन हजाराव्या हिश्श्याएवढं. तेच वाढवून आपण म्हणतो, कण आला.

गंमत अशी की प्रकाशकणाची स्वतःची ऊर्जा तारेत आधीच साठलेल्या विजेच्या ऊर्जेपुढे काहीच नसते. दूरसंचाराच्या फायबरमध्ये वापरतात त्या १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा कण धरून मी हिशोब केला, तर तारेतली ऊर्जा चारशे पटींहून जास्त निघते. म्हणजे घर तारेनेच भरलेलं असतं, कण फक्त काडी ओढतो.

असा शोधक पहिल्यांदा २००१ साली मॉस्को आणि अमेरिकेतल्या रोचेस्टर इथल्या संशोधकांनी मिळून दाखवला. आज अशा तारा कुठे कुठे पोचल्या आहेत ते सांगायचं तर एकच उदाहरण पुरे. डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या सायकी यानाने ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून लेझरने एका मांजराचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला, सेकंदाला २६७ मेगाबिट या वेगाने. प्रकाशाला यायला १०१ सेकंद लागले. कॅलिफोर्नियात पालोमारच्या पाच मीटरच्या दुर्बिणीने तो प्रकाश गोळा केला आणि मोजला तो अशाच अतिवाहक तारांच्या जाळ्याने. तिथली तार टंगस्टन सिलिसाइडची, आमची नायोबियमची, पण कूळ एकच. माझ्या धाकट्या लेकाला आईच्या कामाविषयी एवढंच माहीत आहे: मांजर.

तर सर्किट. या सगळ्या भानगडीचं चित्र काढायला पाच वस्तू पुरतात. करंटचा उगम, एक इंडक्टर, एक स्विच, गरम ठिपक्याचा रेझिस्टन्स, आणि मोजणाऱ्या बाजूचे पन्नास ओहम. स्विच बंद म्हणजे तार अतिवाहक; कण आला की स्विच उघडतो आणि करंटला ठिपक्याच्या रेझिस्टन्समधून जावं लागतं. कण आल्यावर ठिपका नेमका कसा पसरतो यावर भौतिकवाले अजून भांडतात. आम्ही सर्किटवाले तिथे स्विच काढतो आणि पुढे जातो.

यातला इंडक्टर महत्त्वाचा. शाळेत शिकलेला इंडक्टर म्हणजे वेटोळं आणि चुंबकीय क्षेत्र. इथला तसा नाही. इथे करंट वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्यांचं स्वतःचं वजन आडवं येतं. चालू असेल तर थांबायला आणि थांबला असेल तर चालायला करंट कुरकुरतो. याला कायनेटिक इंडक्टन्स म्हणतात. आमच्या भागातल्या लोकांना हे लगेच कळेल. नदीवरून मळ्यापर्यंत किलोमीटर-दीड किलोमीटर पाइपलाइन टाकलेली असते. मोटर बंद केली की आतलं पाणी एकदम थांबत नाही, पाइपला दणका बसतो. पाणी जड असतं म्हणून. इथे इलेक्ट्रॉन जड. तार जितकी बारीक, तितका हा जडपणा जास्त. आमच्या तारेत रुंदीएवढे ५००० चौकोन एकापुढे एक बसतात, चौकोनामागे साधारण १०० पिकोहेन्री, म्हणजे एकूण ५०० नॅनोहेन्री. त्याला पन्नास ओहमने भागलं की येतात दहा नॅनोसेकंद. कण मोजल्यावर करंट तारेत परतायला लागणारा वेळ हा असा निघतो. ठिपका थंड होण्याला त्याहून कितीतरी कमी वेळ लागतो. तारेला पुन्हा सज्ज व्हायला उशीर होतो तो उष्णतेमुळे नव्हे तर या जडपणामुळे, हे २००६ साली एमआयटीतल्या गटाने दाखवलं तेव्हा बऱ्याच जणांचा हिशोब सोपा झाला.

बाबांना मी हे फोनवर समजावलं होतं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे फ्यूजच की. फक्त आपोआप जोडला जाणारा." चार वर्षांच्या माझ्या पीएचडीचं यापेक्षा नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही. किटकॅटमधली तार वितळली की बाबांना खांबावर चढावं लागे. ही तार दहा नॅनोसेकंदांत आपली आपण बरी होते.

पण कधी कधी होत नाही. करंट वळला, ठिपका थंड झाला, मग करंट परत आला, हा क्रम पाळला गेला तर ठीक. ठिपका थंड व्हायच्या आत करंट परतला तर तो ठिपका पुन्हा तापवतो, ठिपका करंटला अडवतो, पण पुरता नाही. दोघांची तडजोड होते आणि तार अर्धवट गरम अवस्थेत तशीच अडकून पडते. याला लॅच होणं म्हणतात. लॅच झालेली तार कण मोजत नाही. मुकी होते. करंट शून्यावर आणून पुन्हा वाढवावा लागतो, घरातला एमसीबी पडल्यावर खाली करून वर करतो तसा. नवशिका माणूस हमखास हा खड्डा खणतो: तार लवकर सज्ज व्हावी म्हणून पन्नासच्या जागी दोनशे ओहम लावतो. करंट चौपट वेगाने परततो आणि तार लॅच होते. मीही पहिल्या वर्षी केलं होतं.

तर तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या नव्या तारांची चाचणी चालू होती. थंडी करणारा कॉम्प्रेसर अखंड चालू असतो, सेकंदाला एक ठोका, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. मंद प्रकाशात तार सुरेख चालली. प्रकाश वाढवत नेला, सेकंदाला दहा लाख कण, पन्नास लाख, ऐंशी लाख. एक कोटीच्या आसपास गेलं की मुकी. करंट खाली-वर करून उठवायची, पुन्हा काही क्षणांत मुकी.

माझ्या मॉडेलप्रमाणे असं व्हायचं कारण नव्हतं. एक कोटी कण म्हणजे दोन कणांमध्ये सरासरी शंभर नॅनोसेकंद, आणि तार दहात सज्ज होणारी. मग मी काय केलं? मॉडेलमध्ये ठिपका किती वेगाने थंड होतो त्याचा एक आकडा असतो. तो मी हळू केला. अजून हळू केला. छापील आकड्यांपेक्षा कितीतरी पट हळू केल्यावर मॉडेलमधली तारही कोटीला लॅच व्हायला लागली. आलेख आणि मोजमाप एकमेकांवर असे बसले की मला स्वतःचाच अभिमान वाटला. निष्कर्ष: पापुद्रा खालच्या चकतीला नीट चिकटलेला नाही, उष्णता खाली उतरत नाही, साठत जाते. दोष तारेत.

तार बनवणारा आमचा एक इटालियन सहकारी. त्याचा माझ्या आलेखावर विश्वास बसेना. तो म्हणाला, माझ्या पापुद्र्याचं तापमान, जाडी, सगळं नेहमीसारखं आहे. मी म्हणाले, मॉडेल असं सांगतंय. बैठकीत आलेख पडद्यावर होता आणि त्याच्याकडे दाखवायला नुसता शब्द होता. ठरलं, नवीन पापुद्रे करायचे. फेब्रुवारी आणि मार्च तो क्लीनरूममध्ये होता. त्याच दिवसांत त्याच्या घरी पहिली मुलगी जन्माला आली होती. एप्रिलमध्ये नव्या तारा आल्या, थंड केल्या, प्रकाश वाढवला. कोटीला मुक्या.

मी चकतीलाच दोष देणारी नवी पानं तयार करायला घेतली होती. हे लिहिताना आज हसू येत नाही.

मेमध्ये आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले. आई आल्या दिवशीच मसाल्याचे डबे पुसायला लागली, बाबांना करायला काही नाही. एका रात्री जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडून बसले होते, बाबा शेजारी चष्मा लावून.

"हे काय गं? एवढंच?"

"एवढंच, बाबा. पाच वस्तू."

त्यांनी बोट फिरवत सगळी वाट बघितली. उगम, तार, स्विच, ठिपका. मग म्हणाले, "आणि मीटर कुठं काढलायस?"

"हा पन्नास ओहम आहे ना, तोच मीटर."

"नुसता रेझिस्टन्स? तुमच्या मीटरच्या आत दुसरं काय नसतं व्हय?"

"असतं. तारेच्या पुढे एक कंडेन्सर असतो, मग अॅम्प्लिफायर. पण इतक्या जलद स्पंदाला कंडेन्सर म्हणजे सरळ वायरच. फरक पडत नाही."

"बरं," बाबा म्हणाले. ज्यांनी वायरमन लोकांचं 'बरं' ऐकलं आहे त्यांना ते किती प्रकारचं असतं हे माहीत आहे.

त्या शनिवारी मी त्यांना लायडनला नेलं. कामरलिंग ओन्नेसांची प्रयोगशाळा होती ती इमारत अजून आहे, त्यांचंच नाव आहे, पण आत आता कायद्याचं शिक्षण चालतं. बाबा कालव्याकाठी उभे राहून बघत राहिले. "जिथं रेझिस्टन्स शून्य झाला तिथं वकील बसवले होय!" येताना गाडीत त्यांनी पुन्हा ती डिजिटल मीटरची गोष्ट काढली, मेलेल्या वायरीवरच्या नव्वद व्होल्टची. मी शंभर वेळा ऐकलेली. त्या वेळी मात्र मला एकदम जाणवलं की ते व्होल्टेज वायरीत कंडेन्सरमधूनच येतं. दोन शेजारच्या वायरी हाच कंडेन्सर.

साक्षात्कार वगैरे झाला नाही. सोमवारी ऑफिसात गेल्यावर नाइलाजाने, बाबांना "बघितलं, नाही फरक पडत" असं सांगता यावं म्हणून मी अॅम्प्लिफायरची पुस्तिका काढली. कंडेन्सर १०० नॅनोफॅरडचा. गुणिले पन्नास ओहम, पाच मायक्रोसेकंद. एका स्पंदाला हा खरोखर सरळ वायर. पण पाच मायक्रोसेकंदांत कोटीच्या हिशोबाने पन्नास स्पंदं होतात, आणि मी आजवर मॉडेलमध्ये एकामागे एक किती स्पंदं चालवली होती? एक. कधी दोन-तीन.

कंडेन्सरचा स्वभाव साधा आहे. त्यातून सरासरी करंट जात नाही. पुढे जितका गेला तितका कधी ना कधी मागे आलाच पाहिजे. शेजारीण वाटीभर साखर नेते आणि परत आणून देते, तसं. दर कणाला तारेतला करंट कंडेन्सरमधून अॅम्प्लिफायरकडे जातो; मधल्या वेळात तो थोडा थोडा परत येतो आणि कुठे जातो? तारेत. कण क्वचित येत असतील तर ही परतफेड इतकी पसरलेली असते की कळतही नाही. कण दाट झाले की परतफेडही दाट. मग दोन कणांमध्ये तारेत आपण ठरवला त्यापेक्षा जास्त करंट वाहतो.

किती जास्त? हे मी पाकिटाच्या मागे लिहिलं. प्रत्येक कणामागे तार दहा नॅनोसेकंदांचा करंट गमावते. सेकंदाला एक कोटी कण म्हणजे एकूण वेळेच्या दहा टक्के. सरासरी राखायची तर उरलेल्या वेळात करंट शंभर भागिले नव्वद, म्हणजे अकरा टक्के जास्त हवा. आम्ही तार क्रांतिक करंटच्या नव्वद टक्क्यांवर ठेवली होती. नव्वद गुणिले एक पूर्णांक अकरा. शंभर.

मी ते पाकीट बराच वेळ हातात धरून बसले. तार मर्यादेला जाऊन टेकत होती, आणि तिथे नेऊन टेकवणारा आमचा मीटर होता.

मग रीतसर केलं. सर्किटं चालवून बघण्यासाठी स्पाइस नावाचा प्रोग्रॅम असतो, मूळचा १९७३ सालचा, बर्कलीतला. त्याला उष्णता कळत नाही, म्हणून आम्ही तापमानाला व्होल्टेजचं सोंग देऊन त्यात बसवतो. (अतिवाहक तार स्पाइसमध्ये कशी बसवायची याची एमआयटीच्या गटाने २०१८ साली छापलेली कृती आता सगळेच वापरतात.) त्यात मी कंडेन्सर परत घातला, थंड होण्याचा आकडा गुपचूप मूळ छापील जागी नेऊन ठेवला आणि सव्वा कोटीच्या वेगाने वीस मायक्रोसेकंद चालवलं. म्हणजे अडीचशे स्पंदं. पहिली दहा बघितली असती तर शपथेवर सांगितलं असतं की सगळं ठीक आहे. पण तारेतला करंट प्रत्येक स्पंदानंतर केसभर वर सरकत होता. नव्वदीच्या पुढे कुठेतरी, कण न येताच, तार आपणहून उलटली, आणि परतफेडीच्या त्या जादा करंटने ठिपक्याला थंडच होऊ दिलं नाही. सपाट रेघ. मुकी.

हे मी शोधलं असं कृपा करून समजू नका. दाट कण मोजताना कंडेन्सरमुळे नेमकं हेच होतं, हे २०१३ सालीच एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या लोकांनी छापलं आहे. तो लेख माझ्या लॅपटॉपवर होता. उतरवून घेतला होता, वाचलेला नव्हता.

सहकाऱ्याला सांगायचं कसं, हा खरा प्रश्न. मी कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर बसले आणि पाकीट पुढे केलं. त्याने आकडे वाचले, दोनदा वाचले. "म्हणजे माझा पापुद्रा?" "चांगला होता. दोन्ही वेळचे." तो काही बोलला नाही, ताट उचलून गेला. बैठकीत मी जुना आलेख पुन्हा पडद्यावर लावला आणि मी कुठला आकडा किती ओढला होता ते सगळ्यांना दाखवलं. ते करताना कानशिलं तापली होती, पण ज्या पडद्यावर त्याला चूक ठरवलं त्याच पडद्यावर ते उतरायला हवं होतं. पुढे दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी त्याने एक छोटी डबी आणून टेबलावर ठेवली. मी बाद ठरवलेल्या जानेवारीतल्या तारा, चार चिपा. त्याने टाकल्या नव्हत्या.

कंडेन्सर नसलेला अॅम्प्लिफायर मिळवायला, बसवायला पाच आठवडे लागले. जुलैत डबीतल्या चारही चिपा पुन्हा थंड केल्या. एक मधल्या काळात हाताळताना मेली होती, तिचं वीजवाहक टोक तुटलेलं. उरलेल्या तिन्ही दीड कोटीच्या पुढे गेल्या, मुकी एकही झाली नाही. सहकारी माझ्यामागे उभा राहून मोजणीचा आकडा वाढताना बघत होता. त्याने खिशातून फोन काढून मुलीचा पहिला दात दाखवला. मी ते माफी म्हणून घेतलं, त्याने कदाचित नुसताच दात दाखवला असेल.

बाबांना घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, खूश होतील, चारचौघांना सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कितीचा होता कंडेन्सर?"

"शंभर नॅनो."

"आपल्या पंख्याला अडीच मायक्रोचा असतो."

"त्याच्या पंचविसावा हिस्सा, बाबा."

"एवढ्याशानं?" म्हणाले, आणि आईने हाक मारली म्हणून पानं घ्यायला उठले.

सध्या आम्ही एक नव्हे तर सोळा तारा शेजारी शेजारी बसवतो आहोत. एकीत स्पंद उमटलं की शेजारणीच्या करंटला हिसका बसतो का, हे मला सांगायचं आहे. या वेळी सर्किटात प्रत्येक कंडेन्सर आहे, प्रत्येक कॉइल आहे, थंड यंत्रातून बाहेर येणाऱ्या वायरींची लांबीसुद्धा आहे. पाच वस्तूंच्या तीनशे झाल्या आहेत. काल संध्याकाळी ते चालू करून मी घरी आले आणि चकल्यांची भाजणी भिजवली. आज सकाळी जाऊन बघितलं तर कॉम्प्युटर रात्रीच कधीतरी 'टाइमस्टेप टू स्मॉल' असं म्हणून थांबलेला. आता कुठली वस्तू काढून बघायची, ते ठरवते आहे.